हाक ऐकू आली, पुढे काय? गोरे, रमाबाई आणि टिळक यांची साधना

दौलतगंजातल्या आमच्या घरात रविवारी सकाळी दोन-चार मंडळी जमतात. चहा होतो, जुन्या कागदांवर गप्पा होतात. मागच्या हिवाळ्यात एक तरुण आला. ख्रिस्ती घरातला, खाजगी कंपनीत नोकरी. सगळे गेल्यावर म्हणाला, "काका, मला वाटतं देवानं मला संदेष्टा व्हायला बोलावलंय. नोकरी सोडू का?"

मी पेशाने इंजिनीअर, इतिहास हा नंतर लागलेला नाद. धर्मोपदेश हा माझा प्रांत नाही. पण असा प्रश्न मराठी माणसांना पूर्वी पडला होता का, आणि पडला तेव्हा त्यांनी काय केलं, हे शोधणं मला जमण्यासारखं होतं. हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेलं उत्तर.

आधी शब्द नीट पाहू. 'संदेष्टा' म्हटलं की लोकांना भविष्य सांगणारा आठवतो. मूळ अर्थ निरोप आणणारा असा आहे. निरोप दुसऱ्याचा, आपण फक्त पोचवणारे. म्हणजे पहिली अडचण हीच, की आपण सांगतोय तो निरोप खरा त्याचा, की आपल्याच मनाचा? पौलाने करिंथच्या मंडळीला हेच बजावलं होतं, की संदेष्ट्यांनी बोलावं आणि इतरांनी ते पारखावं. पारख दुसऱ्यांच्या हातात ठेवली, हे लक्षात घ्या.

नीलकंठशास्त्री गोरे: जन्मभर उमेदवार

सुरुवात आपल्या शेजारापासून करू. नीलकंठशास्त्री गोरे यांचा जन्म 1825 चा, झाशीकडच्या काशीपुऱ्यातला. घराणं कोकणस्थ, आजोबा बांद्याच्या नवाबाचे कारभारी. पुढे कुटुंब काशीला गेलं. ग्वाल्हेर-झाशी पट्ट्यातल्या आपल्या कित्येक घराण्यांसारखीच ही कहाणी. काशीत शास्त्रीबुवा मिशनऱ्यांशी वाद घालायला गेले, आणि वाद घालता घालता स्वतःच बदलले. 1848 च्या मार्चमध्ये जौनपूरला बाप्तिस्मा झाला, नाव मिळालं नेहेम्या.

गंमत पुढे आहे. 1854 मध्ये महाराजा दुलीपसिंगांबरोबर ते विलायतेला गेले. 1860 मध्ये 'षड्दर्शन दर्पण' हा हिंदी ग्रंथ छापला गेला. 1870 मध्ये कलकत्त्यात पूर्ण पाळकाची दीक्षा झाली. एवढं नाव झालेला माणूस पन्नाशी ओलांडल्यावर, 1876 मध्ये, ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या मठात शिकाऊ उमेदवार म्हणून दाखल झाला. नेमलेल्या वेळी प्रार्थना, मौन आणि वरिष्ठांची आज्ञा. अंतिम व्रत त्यांनी शेवटपर्यंत घेतलंच नाही. 1895 मध्ये मुंबईत वारले तेव्हाही ते उमेदवारच होते. शंका त्यांना आयुष्यभर छळत राहिल्या, आणि त्या त्यांनी लपवल्या नाहीत.

आपण ग्वाल्हेरवाले हे चटकन समजू शकतो. आपल्या घराण्यात गुरू जोवर "आता बस मैफलीला" म्हणत नाही, तोवर तालीमच चालते. गळा चांगला आहे हे शिष्याला कितीही वाटो.

रमाबाई: आधी प्रार्थना, मग अग्नी

पंडिता रमाबाईंवर ज्यांच्या लेखनाचा खोल परिणाम झाला त्यांत हे गोरे होते. त्यांचं ऋण रमाबाईंनी स्वतः नोंदवलं आहे. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं.

1905 च्या जूनमध्ये मुक्तीत मोठं जागरण झालं. मुली रडत, पापं कबूल करत, तासन्तास प्रार्थना करत. जगभरच्या पेंटेकॉस्टल इतिहासात त्याची नोंद आहे. पण लोक जूनचं सांगतात आणि जानेवारी विसरतात. रमाबाईंनी जानेवारीतच प्रार्थनेसाठी हाक दिली होती. तेव्हा सत्तरएक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे जणी रोज दोनदा जमू लागल्या होत्या. सहा महिने नेमाने चाललेलं काम आहे हे.

आणि जागरण ओसरल्यावर? रमाबाई हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत बसल्या. 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत तेच काम. मुक्तीतल्या मुली विणकाम, शेती, छपाई करत होत्या. दर्शनाचा दिवस एखादाच, पण खिळे जुळवायचे दिवस वर्षानुवर्षं!

टिळक: पगार सोडला, तेव्हा

आता माझ्या वयाचा माणूस. नारायण वामन टिळक, जन्म 1861. आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं दिलेला नवा करार वाचून विचारचक्र सुरू झालं. 1895 च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा, मग अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीसेक वर्षं. शिकवणं, कीर्तन, 'ज्ञानोदय'चं संपादन, अभंग. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत.

1917 मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यास जाहीर केला. साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावेत ही कल्पना. 1919 च्या मे महिन्यात ते गेले, दरबाराला दोन वर्षंही नीट मिळाली नाहीत. पण त्यांचे चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, त्यात त्याच वाटेची पुढची पावलं दिसतात.

इथे मला त्या तरुणाला एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. टिळकांना हाक आली, पण तिची किंमत लक्ष्मीबाईंनीही मोजली. 'स्मृतिचित्रे' वाचा. नवरा न सांगता धर्म बदलतो, बायको पाच वर्षं वेगळी राहते, मग 1900 मध्ये स्वतःच्या पायांनी त्याच वाटेवर येते. घरात पैसा टिकत नाही, पाहुणे मात्र टिकतात. हे सगळं त्या हसत हसत लिहितात, म्हणून जास्त लागतं. टिळकांनी अर्धवट सोडलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुढे नेलं. टिळकांची खरी पारख करणारी व्यक्ती घरातच होती, असं माझं मत आहे.

हे लिहिताना मीही ओशाळतो. इतिहासासाठी मी नोकरी सोडली तेव्हा "आतून आवाज आला" असं चार लोकांत सांगत फिरलो. बायकोला मात्र राजीनामा दिल्यावर सांगितलं. तिनं शिकवण्या सुरू केल्या, म्हणून माझी पुस्तकं येत राहिली. आवाज खरा असेलही. पण विचारायचं राहिलं, ते राहिलंच.

तर मग

तिघांची वाट वेगळी, पण तीन गोष्टी सारख्या दिसतात. रोजचा नेम, जो कोणी पाहत नसतानाही चालतो. हाताला काम. आणि आपल्याला "थांब" म्हणू शकेल असं कुणीतरी: गोऱ्यांना मठातले वरिष्ठ, रमाबाईंना सोबत प्रार्थनेला बसणाऱ्या बाया, टिळकांना लक्ष्मीबाई. टिळकांनीही पगार सोडला तो बावीस वर्षं राबल्यावर.

परवा तो तरुण बाड्यावर भेटला. नोकरी अजून करतोय. मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, आईला अजून बोललो नाही मी."

म्हटलं, मग तिथूनच सुरुवात कर.