शिवराक : मासे सोडण्याची गोमंतकीय कारणे

‘शाकाहारी’ आणि ‘शिवराक’ हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण ते एका घरातले नव्हेत. ‘शाकाहारी’ हा शब्द माणसाला लागतो. ‘शिवराक’ बहुतेक वेळा जेवणाला आणि दिवसाला लागतो. म्हापशात कुणी ‘आज शिवराक’ म्हणाले, की ऐकणारा एवढेच समजतो की आज सोमवार आहे, एकादशी आहे किंवा घरात कुणाचे श्राद्ध आहे. उद्या त्याच चुलीवर हुमण उकळणार, हे वेगळे सांगावे लागत नाही. मासे सोडण्याची कितीतरी कारणे या शब्दात शतकानुशतके साठत गेली. त्यांतली काही आज आपण पाहू.

अभ्यासक या शब्दाचे मूळ ‘श्रावक’ या शब्दात शोधतात. श्रावक म्हणजे जैन गृहस्थ. आज मूळच्या गोमंतकीय जैनांची वस्ती शोधून सापडणार नाही, पण डिचोली तालुक्यात कुडणे येथे, लोक ज्याला गुजिराचे देऊळ म्हणतात त्याचे, आणि नार्वे येथे जैन बस्तीचे अवशेष आहेत. फोंडा तालुक्यात बांदिवडे येथे नेमिनाथाची बस्ती होती. म्हणजे कधीकाळी या मुलखात मासे न खाणाऱ्याची ओळख श्रावक हीच असावी, आणि तसे जेवण ते श्रावकाचे जेवण, असे म्हटले जात असावे.

पण शब्द राहिला आणि त्याचे मूळ कारण गळून पडले. श्रावकाचे कारण अहिंसा. त्यामुळे त्याला कंदमुळेही वर्ज्य, कारण कंद उपटताना त्यातले आणि मातीतले जीव मरतात. आता आपल्या सणाच्या पानावरचे खतखते आठवा. सुरण, कारांदे, रताळी, मुळा, शिवाय अळकुड्या. जमिनीखालचे जे जे मिळेल ते त्यात पडते. खरा श्रावक या पानावरून उठून जाईल. तरीही आपण त्याला शिवराकच म्हणतो. दिवा विझला तरी समईला समईच म्हणतात, तसे हे झाले.

मग ती रिकामी जागा कशाने भरली? मुख्यतः वारांनी. सोमवार शंकराचा. गुरुवार दत्ताचा, आणि साखळीचे दत्तमंदिर १८८२ साली उभे राहिल्यापासून डिचोलीच्या भागात त्याला अधिकच बळ आले. श्रावणातले आयतार, म्हणजे स्त्रियांचे आदित्यपूजन. मग चवथ, पितृपक्ष, एकादश्या. काही मंडळी याचे व्यावहारिक स्पष्टीकरण देतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, होड्या बाहेर पडत नाहीत, माशांचा विणीचा काळ, म्हणून श्रावण पाळायचा. आज सरकारही १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद ठेवते. स्पष्टीकरण गोड आहे, पण मला ते अपुरे वाटते. पावसाळ्याच्या बेगमीला, म्हणजे आपल्या पुरुमेंताला, सुके बांगडे आणि सुकी सुंगटे घराघरांत भरलेली असत. श्रावणात मडक्यात मासे होते, तरी त्यांना हात लागत नसे. शिवाय बंदी श्रावणाच्या आरंभीच उठते, आणि श्रावण तर त्यापुढेच भरात येतो. माशांची टंचाई हे कारण असते, तर जिन्नस समोर असताना तो नाकारण्याची गरज पडली नसती.

नाकारण्याचे सर्वांत कडक रूप पाहायचे तर शिरगावला जावे. डिचोली तालुक्यातल्या या गावी वैशाख शुद्ध पंचमीला लईराईची जत्रा भरते. तिचे धोंड त्याआधी काही दिवस व्रत धरतात. घराबाहेर राहतात, एकत्र रांधतात, शिवराकच जेवतात, आणि जत्रेच्या रात्री वेताची काठी घेऊन होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून चालत जातात. हे धोंड कुठल्या एका जातीचे नव्हेत. पेडण्याचे आहेत, बार्देशचे आहेत, आणि एरवी रोज मासे खाणाऱ्या घरांतलेच बहुतेक आहेत. त्यांना विचारा, मासे का सोडले? प्राण्यांवरील दया हे उत्तर क्वचितच येईल. देवीपुढे जायचे आहे, हे उत्तर. इथे आहार ही विस्तवाआधीची तयारी आहे.

लोकपरंपरा सांगते की लईराईच्या सात बहिणींपैकी एक, मिराबाई, ख्रिस्ती झाली. तीच म्हापशाची मिलाग्र सायबीण. तिच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात, आणि दोन्ही उत्सव जवळजवळ एकाच मोसमात येतात. एक बहीण उपासाने पुजायची, दुसरीच्या फेस्ताच्या पेठेत पुरुमेंताचे सुके मासे घ्यायचे. यात कुणालाच कधी विसंगती दिसली नाही.

पण याच बार्देशात जेवण हा एकेकाळी चौकशीचा विषय होता. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आले आणि १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, टिकले. १७३६ साली त्याने एक जाहीरनामा काढला. अ. का. प्रियोळकरांनी आपल्या १९६१ च्या इन्क्विझिशनवरील ग्रंथात तो आपल्यापुढे ठेवला आहे. बाटलेल्या लोकांना मना केलेल्या चालींत एकादशीचा उपास आहे, आणि हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवणेही आहे. विचार करा, भातात मीठ शिजताना घातले की नंतर, हा पुरावा ठरू शकत होता! चर्चलाही उपास ठाऊक होते, पण तिचा नियम वेगळा. शुक्रवारी आणि चाळीस दिवसांच्या उपासात मांस नको, मासे चालतील. आपल्याकडे पहिल्यांदा सुटतो तो मासाच. त्यामुळे एकाच गल्लीत एका घरी मासळी हेच उपासाचे अन्न झाले आणि शेजारी तीच उपास मोडणारी. डिचोली आणि पेडणे पोर्तुगिजांच्या हाती गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, तेव्हा या भागाने ती दहशत भोगली नाही. वार-व्रतांची साखळी तिथे अखंड राहिली, त्याचे हे एक कारण असावे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. न खाणाऱ्याला कारण विचारले जात नसे. खाणाऱ्याला द्यावे लागे, निदान ब्राह्मणाला तरी. कऱ्हाडे, चित्पावन, पाध्ये हे शिवराक. सारस्वत मासे खाणारे, म्हणून त्यांच्या ब्राह्मणत्वावरच वाद घातले गेले. त्यांचे उत्तर महाभारताच्या शल्यपर्वात तयार होते. बारा वर्षांचा दुष्काळ पडला तेव्हा सरस्वती नदीने आपल्या मुलाला, सारस्वत मुनीला, मासे देऊन जगवले, आणि इतर ऋषी वेद विसरले तेव्हा त्यानेच ते पुन्हा शिकवले. गावड्याला किंवा खारव्याला अशी कथा कधी लागली नाही. त्यांच्या मासळीला कुणी आव्हानच दिले नव्हते. त्यांच्यापैकी कुणी पंढरीची माळ घातली, तर मात्र तो कायमचा मासे सोडी. जन्माने नव्हे, वाराने नव्हे, एका माणसाने स्वतःच्या शब्दावर सोडलेले मासे! आजच्या अर्थाने ‘निवड’ म्हणावी अशी आपल्या परंपरेतली ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

अलीकडे हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर ‘वीगन’ असे फलक दिसतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात तयार झाला, दूध-तूपही नको असे म्हणणाऱ्यांसाठी. प्राणी, प्रकृती, पर्यावरण अशी त्यांची कारणे. नारळाच्या रसावर चालणाऱ्या आपल्या स्वयंपाकाला ते जड नाही. मुगागाठी, अळू, सोलकढी यांत दूध पडतच नाही. जड आहे ते दुसरेच. ‘शाकाहारी’, ‘मांसाहारी’, ‘वीगन’ असे शिक्के माणसावर बसू लागले की सोमवारी शिवराक आणि मंगळवारी मासे खाणारा गोमंतकीय कुठल्या रकान्यात बसणार? त्याला एक बाजू घ्यायला सांगितले जाते आणि बाजू घेतली की शेजारचे घर परके होते.

या वादात आपल्याच एका माणसाने हात घातला होता. १८७६ साली सांखवाळ येथे जन्मलेले धर्मानंद कोसंबी. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी मांसाहाराचा प्रश्न मुळातून तपासला. बुद्ध मांस खात असे, आणि प्राचीन जैन श्रमणही भिक्षेत आलेले मांस घेत, असे त्यांनी ग्रंथांच्या आधाराने मांडले. जैन समाजात मोठा रोष उसळला, तरी त्यांनी आपले म्हणणे मागे घेतले नाही. पुढे याच धर्मानंदांनी पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्मावर अत्यंत आदराने लिहिले आणि आयुष्याच्या अखेरीस सेवाग्रामला जैन परंपरेतल्या रीतीने अन्न सोडले. ४ जून १९४७ रोजी ते गेले.