साठ लाखांचं कर्ज, आठ लाखांचा बोनस आणि आपला वऱ्हाड

"आधी साडेतीन हजार भरा, संध्याकाळपर्यंत दोन लाख खात्यात" असा मेसेज तुमच्यापैकी बऱ्याच जणांना येऊन गेला असेल. नांदुऱ्यात काय, मलकापूर-खामगावात काय, पेरणीच्या तोंडावर असे मेसेज आले की माणूस दोनदा वाचतोच. आजचा भाग त्यावर आहे. पण सुरुवात मोबाइलपासून नाही, १८२० पासून करू. कारण कर्ज देताना आधी आपलं कापून घ्यायचा एक जबरदस्त व्यवहार तेव्हा थेट आपल्या वऱ्हाडाच्या मालकाशी झाला होता.

मालक म्हणजे हैदराबादचा निजाम. १८०३ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा तह केला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड निजामाकडे गेला. म्हणजे आपल्या या पट्ट्यातला शेतसारा हैदराबादच्या नावाने वसूल व्हायचा. तिकडे खजिन्यात मात्र खडखडाट. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज, तिचा पगार निजामाने द्यायचा, आणि कारभार पाहणारे राजा चंदूलाल दर महिन्याला सावकार शोधत फिरायचे.

तिथे उभी राहिली विल्यम पामर आणि कंपनी. हा पामर म्हणजे पुण्याला पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या जनरल पामरचा मुलगा. आई हिंदुस्थानी. निजामाच्या नोकरीत काही वर्षं काढून त्याने हैदराबादेत पेढी टाकली. आता एक अडचण होती. १७९७ च्या कायद्याप्रमाणे इंग्रज प्रजाजनाने देशी राजांना कर्ज देणं बंद होतं, सरकारने परवानगी दिली तरच चालायचं. कायदा का केला होता? कारण याआधी मद्रासकडे अर्काटच्या नवाबाला कर्जं देऊन इंग्रजांनीच त्याला पार पिळून काढलं होतं.

पामर कंपनीला १८१६ मध्ये ती परवानगी मिळाली. कशी मिळाली हे समजून घ्यायचं तर पेढीतला दुसरा भागीदार बघा, सर विल्यम रम्बोल्ड. त्याची बायको गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या घरात वाढलेली, त्याची पाल्य. बस. पुढे काही सांगायची गरजच नव्हती. हैदराबादेत सगळे समजून गेले की या पेढीच्या मागे कलकत्ता उभं आहे.

वऱ्हाडातल्या घोडदळाच्या पगाराचे पैसे ही पेढी पुरवायची आणि त्या बदल्यात तिला महसूल तोडून मिळायचा. मग १८२० मध्ये मोठा व्यवहार आला. साठ लाखांचं कर्ज, व्याज १८ टक्के. कारणं ऐकायला फार छान. फौजेचा थकलेला पगार देऊ, महाग व्याजाची जुनी देणी फेडू, रयतेला तगाई देऊ. कलकत्त्याच्या कौन्सिलमध्ये यावर मतं फुटली, पण हेस्टिंग्जने आपलं वजन टाकून मंजुरी दिली.

त्याच वर्षाच्या शेवटी चार्ल्स मेटकाफ नवा रेसिडेंट म्हणून हैदराबादला आला. या माणसाने एक साधी गोष्ट केली, वह्या मागवल्या. त्यात निघालं की साठ लाखांतले आठ लाख "बोनस" म्हणून पेढीवाल्यांनी आधीच स्वतःकडे ठेवले होते! उरलेल्यातलाही बराच भाग नवा पैसा नव्हता, जुनीच बाकी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवलेली. तगाई वगैरे कागदावर.

मी कोड लिहिणारा माणूस, आकडे दिसले की कॅल्क्युलेटर उघडतो. १८ टक्क्यांनी साठ लाखांचं वर्षाचं व्याज १० लाख ८० हजार. पण आठ लाख बाजूला काढले तर हातात आले जास्तीत जास्त बावन्न. १० लाख ८० हजार भागिले बावन्न लाख, म्हणजे खरा दर पावणेएकवीस टक्क्यांच्या जवळ. कागदावर अठराच राहतो. आणि जो आठ लाखांचा बोनस मिळालाच नाही, त्याच्यावरही व्याज चालूच!

मेटकाफने हे वर कळवलं तेव्हा हेस्टिंग्ज उलट त्याच्यावरच चिडला. तरी गोष्ट दबली नाही. पेढीचं देणं भागवण्यासाठी कंपनी सरकारने निजामाला सुमारे १ कोटी १६ लाख दिले. फुकट नाही. उत्तर सरकार म्हणजे आजच्या आंध्र किनाऱ्याच्या जिल्ह्यांबद्दल कंपनी निजामाला दरसाल ७ लाख पेशकश द्यायची, ती कायमची बंद करून घेतली. पामरची पेढी त्यानंतर लवकरच बुडाली. हेस्टिंग्जने स्वतः पैसे खाल्ले असं कोणी सिद्ध केलं नाही. माझ्या मते त्याने खाल्ले की नाही याने फरकही पडत नाही. त्याचं नाव वापरू दिलं, तेवढं पुरेसं होतं.

निजामाच्या दरबाराने यातून काही घेतलं का? छे. पुढे पुरणमल सावकाराकडे वऱ्हाडचा बराचसा वसूल मक्त्याने गेला. मग पेस्तनजी आणि कंपनी आली. वऱ्हाडचा कापूस मुंबईला पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर नेला तो याच पारशी व्यापाऱ्यांनी. त्यांनी सरकारला उसने पैसे दिले, बदल्यात त्यांना वऱ्हाडचा महसूल लावून दिला, आणि १८४५ मध्ये तो सोडायला लावला. सावकार बदलत गेले, सारा भरणारा कुणबी तोच. शेवटी फौजेच्या पगारापोटी इंग्रजांचंच चाळीस लाखांच्या वर देणं झालं आणि मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड त्यांच्या ताब्यात गेला. आपला अख्खा मुलुख कर्जापायी गेलाय, हे शाळेच्या पुस्तकात आपण कधी नीट वाचलं नाही.

आता मोबाइलकडे येऊ. पामरकडे लॉर्ड हेस्टिंग्ज होता, आजच्या ठगाकडे मुद्रा योजनेचा लोगो आणि पंतप्रधानांचा फोटो आहे. व्हॉट्सॲपवर मंजुरीचं पत्र येतं, त्यावर गोल शिक्का, कुठल्यातरी मोठ्या बँकेचं नाव, खाली सही. मग फी. ती भरली की विम्याचा हप्ता. तो भरला की जीएसटी. मग "दादा, तुमचा खाते नंबर चुकलाय, पैसे होल्डवर गेलेत, सोडवायला आणखी सात हजार लागतील." आधी गेलेले पैसे वाचवायला माणूस पुढचे भरतो. पामरने बावन्न लाखांचा हिशेब तरी दाखवला, हे लोक एक रुपया देत नाहीत.

मुद्रा ही संस्था स्वतः कोणाला थेट कर्ज देत नाही. कर्ज बँक, एनबीएफसी किंवा मायक्रोफायनान्स संस्था देते. मुद्राने कोणी एजंट नेमलेले नाहीत, हे तिने स्वतः जाहीर केलंय. फी मागणारी मुद्राची पत्रं खोटी असल्याचं पीआयबीनेही वेळोवेळी सांगितलंय. म्हणजे "मी मुद्राचा माणूस" हे वाक्य ऐकलं की फोन ठेवायला हरकत नाही.

बरं, फी घेणारा प्रत्येक जण चोर असतो असंही नाही. बँका प्रोसेसिंग फी घेतात, गृहकर्जाला काही ठिकाणी अर्जासोबतच घेतात. पण ती बँकेच्या खात्यात जाते आणि पावती मिळते. कोणाच्या तरी पर्सनल यूपीआयवर, क्यूआर कोड पाठवून, आजच्या आज, असं बँक मागत नाही. ॲपवरून कर्ज घेताना मधल्या एजंटची फी कर्ज देणाऱ्या संस्थेने भरायची, ग्राहकाकडून थेट घ्यायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम सप्टेंबर २०२२ पासून आहे.

आणि मेटकाफने वह्या मागवल्या, तसा आपल्यालाही एक कागद मागता येतो. त्याचं नाव की फॅक्ट स्टेटमेंट. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांना तो द्यावाच लागतो. त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. आपण मघाशी अठराचे पावणेएकवीस केले ना, साधारण तोच हिशेब. खऱ्या संस्थेत कर्ज घेतानाही आधी हा आकडा बघा, मग हप्ता.

पैसे गेलेच असतील तर त्या माणसाला पुन्हा फोन करून भांडत बसू नका, तो बोलण्यात अडकवून आणखी काढेल. लगेच १९३० लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत बँकेला ते थांबवता येतात, म्हणून इथे तासभरही महत्त्वाचा. ट्रान्झॅक्शनचा नंबर, स्क्रीनशॉट आणि चॅट डिलीट करू नका. लाजेपोटी घरी सांगितलं नाही तरी चालेल, १९३० ला मात्र सांगा.

पुढच्या भागात पेस्तनजींच्या कापसामागे बैलगाडीने खामगावहून मुंबईला जाऊ. तोपर्यंत रामराम.