रविवार आणि सायकल



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काही तरी लिहून द्यावे, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी पाककृतीच देणार होते. पण पाककृती पुष्कळ जमल्या आहेत असे कळले. माझे शिक्षण इयत्ता सातवीपर्यंत. विद्वत्तेचे लिखाण माझ्या हातून व्हावयाचे नाही. तरी गेल्या हिवाळ्यापासून आम्ही पाचजणी रविवारी सकाळी सायकलवरून गावाबाहेर फेरी मारून येतो, हे आता साऱ्या नांदूरघाटाला ठाऊक झाले आहे, आणि त्यावर बोलणेही पुष्कळ झाले आहे. तेव्हा ही सायकल आली कोठून आणि हा रविवार आला कोठून, याची जी माहिती मी वाचून व लेकीकडून शोधून घेऊन जमविली, ती आपल्यापुढे ठेवते. चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी रविवाराचे सांगते. रविवार म्हणजे सुटी, हे आपण असे धरून चालतो की जणू सूर्यचंद्राबरोबरच ती निर्माण झाली. पण तसे नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत पूर्वी मजुरांना आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. दिवस उजाडला की भोंगा, आणि मावळेपर्यंत काम. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा जोतीराव फुल्यांचे सहकारी व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. त्यांनी १८८४ साली मजुरांच्या सभा भरवून सरकारकडे अर्ज पाठविला, त्यावर साडेपाच हजार मजुरांच्या सह्या होत्या. दर रविवारी सुटी मिळावी, ही त्यातली मुख्य मागणी. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी देवाचे व घरचे काही करावयास माणसाला उसंत हवी, असे लोखंड्यांचे म्हणणे होते असे सांगतात. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार मजुरांची सभा भरली. त्या सभेत दोन मजूर बायाही उभ्या राहून बोलल्या, हे वाचून मला फार अभिमान वाटला. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

आपल्या मराठवाड्यात हा रविवार आणखी उशिरा आला. निजामी अंमलात सरकारी सुटी शुक्रवारी असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, आणि मग आपल्या कचेऱ्या-शाळाही रविवारी बंद राहू लागल्या.

मात्र ही सुटी मिळाली ती नोकरी करणाऱ्याला. त्याच्या घरी भाकरी थापणारीला ती मिळाली काय? उलट रविवारी सारी माणसे घरी, म्हणून चूल जास्त वेळ पेटलेली. त्या सभेत बोलणाऱ्या दोघी बायांना सुटी मिळाली खरी, पण तो रविवारही त्यांचा धुण्याभांड्यातच गेला असेल, असे माझ्या मनात येते.

आता सायकलचे ऐका. जर्मनीत कार्ल ड्राइस नावाच्या गृहस्थाने १८१७ साली दोन चाकांची लाकडी गाडी केली. तिला पायडल नव्हते, पायांनी जमीन रेटीत पुढे जावयाचे. १८६० नंतर पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. मग पुढचे चाक पुरुषभर उंच आणि मागचे ताटाएवढे, अशा गाड्या निघाल्या. त्यावरून पडले तर हातपाय मोडावयाचेच. १८८५ साली इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे जॉन स्टार्ली यांनी दोन्ही चाके जवळजवळ सारखी व मागच्या चाकाला चेन, अशी सायकल बनविली. आज आपण चालवितो ती तिचीच लेक. तीन वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्टचे गुरांचे डॉक्टर जॉन डनलॉप यांनी आपल्या मुलाची तीनचाकी खडखड करते म्हणून तिला हवा भरलेल्या रबराची धाव बसविली. एका बापाने लेकरासाठी केलेली सोय साऱ्या जगाच्या उपयोगी पडली.

त्याच १८८८ साली आपल्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे लहानसे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईला तांत्रिक शाळेत शिकवीत. ते तिकडून सायकली खरेदी करून पाठवीत आणि बंधू रामुअण्णा त्या बेळगावात विकीत. एका सायकलला सातशे ते हजार रुपये पडत, आणि चालवावयास शिकविण्याचे पंधरा रुपये वेगळे, असे सांगतात. त्या काळचे हजार रुपये म्हणजे शेतकऱ्याच्या दहा पिढ्यांना न दिसणारी रक्कम! ज्या किर्लोस्करांचा लोखंडी नांगर पुढे महाराष्ट्राच्या शिवारात चालला, त्यांच्या धंद्याचा आरंभ असा सायकलपासून झाला. त्याच घराण्यातील शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली ‘स्त्री’ हे मासिक बायकांसाठी काढले, हेही येथे सांगितले पाहिजे.

म्हणजे पाहा, १८८८ साली सायकल आणि १८९० साली रविवार. दोन्ही गोष्टी दोन वर्षांच्या अंतराने आपल्या मुलखात आल्या. रविवारी सायकलवर बसून मोकळ्या हवेत हिंडून यावे, ही हौस या दोहोंच्या मेळातूनच झाली. इंग्लंडात तर सायकलवरून सहली काढणाऱ्यांची संस्था १८७८ सालीच निघाली होती. आठवडाभर कारखान्यात, कचेरीत राबणारी माणसे सुटीच्या दिवशी खेड्यापाड्यांच्या वाटांनी हिंडून येऊ लागली.

तेथील बायकाही सायकलवर बसू लागल्या, आणि गहजब झाला. सायकल चालविल्याने बाईचा चेहरा बिघडतो, असे डॉक्टर म्हणविणारी माणसेसुद्धा लिहीत. १८९७ साली केंब्रिजच्या विद्यापीठात बायकांना पदव्या द्याव्यात की नाहीत यावर मतदान होते. तेव्हा विरोध करणाऱ्या पोरांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा भर चौकात टांगला. शिकलेली बाई आणि सायकलवरची बाई, दोन्ही त्यांना सारख्याच सलत होत्या. त्या विद्यापीठात बायकांना पूर्ण पदवी मिळावयास १९४८ साल उजाडले. म्हणजे आपला मराठवाडा मोकळा झाला तेच साल. इंग्रज फार सुधारलेला, असे आपण उगाच समजतो.

त्या काळात अमेरिकेत अॅनी लंडनडेरी नावाची तीन लेकरांची आई १८९४ साली सायकल घेऊन जगाच्या फेरीला निघाली आणि १८९५ साली परत आली. पुष्कळ वाट तिने बोटीने कापली हे खरे, आणि तिच्या सांगण्यात तिखटमीठही असे. पण घराच्या उंबऱ्याबाहेर सायकलने पडली, हे काय थोडे झाले?

आपल्याकडचे पुरुषही मागे नव्हते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. वाळवंटे, जंगले, बर्फाचे डोंगर ओलांडून त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये ४४ हजार मैलांची फेरी पुरी करून परत आले. त्यांच्या पुस्तकाला पंडित नेहरूंनी प्रस्तावना लिहिली.

पण आमच्या खेड्यापाड्यांत सायकल ही हौसेची वस्तू नव्हती. ती आली टपालवाल्याकडे, मास्तरांकडे, दूधवाल्याकडे. १९५१ साली सोनिपतला अॅटलसचा, १९५६ साली लुधियानाला हिरोचा कारखाना निघाला, तशी ती थोडी आवाक्यात आली. मग ती लग्नातही आली. घड्याळ, रेडिओ आणि सायकल, ही जावयाची मागणी असे. आमच्या आई-मावश्यांच्या लग्नांत अशा कितीतरी सायकली दिल्या गेल्या. मुलीच्या बापाने कर्ज काढून घेतलेली सायकल, पण ती मुलीने कधी चालविली नाही. तिची जागा कॅरियरवर, तीही एका बाजूला पाय सोडून, मांडीवर लेकरू घेऊन.

माझ्या माहेरच्या वाडीत शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीसाठी चार मैलांवर जावे लागे. माझ्या भावाला सायकल घेतली गेली. मला नाही. बाबा वाईट नव्हते. एकच सायकल घेण्याची ऐपत होती, आणि ती कोणाला घ्यावयाची हा प्रश्न कोणी विचारलासुद्धा नाही. मीही विचारला नाही. भाऊ संध्याकाळी परत आला की मी त्याची सायकल पुशीत असे, आणि कोणी नसले की चाक उचलून पायडल फिरवून पाहत असे. त्या फिरत्या चाकाचा आवाज मला अजून आठवतो. सातवीचे माझे शिक्षण म्हणजे त्या न घेतलेल्या सायकलीचा हिशोब आहे, असे आता मला वाटते.

हा हिशोब माझ्या एकटीचा नाही, म्हणून लिहिले. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकविण्याची मोहीम निघाली. त्यास तेथील कलेक्टर शीला राणी चुंकत यांचा मोठा आधार होता. शेतमजूर, खाणमजूर, अंगणवाडीतल्या बाया हजारोंनी शिकल्या. लेडीज सायकली दुकानांत मिळेनात, तेव्हा त्यांनी दांडीच्या सायकली घेतल्या, आणि म्हणाल्या की दांडीवर लेकरू बसविता येते, हे बरेच झाले! आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील, शाळेपासून लांब राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देण्याची योजना निघाली. असे काही माझ्या वेळी असते तर, हा विचार मनात येतोच.

आणि आता आपल्या मुली किती पुढे गेल्या पाहा. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली वयाच्या विसाव्या वर्षी एकटी सायकलवरून जगाची फेरी करून आली, सुमारे २९ हजार किलोमीटर. यवतमाळ जिल्ह्यातील प्रणाली चिकटे ही शेतकऱ्याची मुलगी २०२० साली पर्यावरणाचा संदेश घेऊन सायकलवरून महाराष्ट्र हिंडावयास निघाली.

आमची फेरी एवढी मोठी नव्हे. मी चाळिशी उलटल्यावर शिकले, तीही माझ्या लेकीकडून, तिच्याच शाळेच्या सायकलवर. ती मागून कॅरियर धरी आणि ओरडे, “आई, खाली बघू नको, समोर बघ!” तीन वेळा पडले, गुडघा फुटला, एक बरे लुगडे चेनमध्ये अडकून फाटले. आता पदर खोचून, निऱ्या वर घेऊन बसते. हळूहळू शेजारच्या चौघी आल्या. केजच्या बाजूच्या रस्त्याने उजाडता निघावयाचे. हिवाळ्यात दोन्ही बाजूंना ज्वारी डोलत असते, तुरीला शेंगा आलेल्या असतात, तोंडाला गार वारा लागतो. उतारावर पायडल थांबवून नुसते बसून राहावे, चाक आपले आपण चालते. कोणी बोलत नाही. थोडे पुढे बाभळीखाली थांबून घरून नेलेला चहा पितो आणि ऊन चढण्याच्या आत परततो. अवघा दीड तासाचा खेळ.

पहिल्या दिवशी परत आले तेव्हा सासूबाईंनी विचारले, “तिकडं काय काम व्हतं?”

मी म्हटले, “काही नाही. नुसती गेले होते.”

त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “मंग पुढच्या रविवारी दळण तरी घिऊन जा.”

मी हसले, पण त्यांच्या बोलण्याने सारा इतिहास उलगडला. बाईने घराबाहेर पडावयाचे तर काम हवे. पाणी, सरपण, दळण, शेत, दवाखाना. हौस म्हणून ती कधी गेलीच नाही, म्हणून सासूबाईंना ते समजेना. मी त्यांना सांगितले, “दळण सोमवारी नेईन, आत्याबाई. रविवार राहू द्या.” त्या काही बोलल्या नाहीत. पण आता रविवारी सकाळची भाकरी त्याच टाकतात, हे मी येथे आनंदाने नमूद करते.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. दसरा-दिवाळी झाली की आपल्या कितीतरी बहिणी ऊसतोडीला जातात. त्यांना कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत रविवार नाही, आजारपण नाही. एक दिवसाचा खाडा पडला तर पैसे कापले जातात. १८९० साली मुंबईच्या गिरण्यांत जी गोष्ट मिळाली, ती आपल्या फडातल्या बाईला अजून मिळावयाची आहे. आमची दीड तासाची हौस त्यांच्यापुढे सांगताना मला संकोच होतो. परंतु ज्याला सुटीची गोडी कळली, तोच दुसऱ्याच्या सुटीसाठी बोलेल, असेही वाटते.

म्हणून शेवटी मंडळापुढे नम्र सूचना ठेवते. येत्या वर्षी मंडळाच्या शिलकेतून दोन लेडीज सायकली व एक हवा भरण्याचा पंप घ्यावा. ज्यांना शिकावयाचे असेल त्यांना रविवारी सकाळी आम्ही पाचजणी शिकवू. रामुअण्णांप्रमाणे पंधरा रुपये घेणार नाही! ज्या भगिनी फडावर जातात, त्यांनी पट्टा पडून घरी परतल्यावर पहिल्याच रविवारी यावे. त्यांच्यासाठी सायकल राखून ठेवू.