सक्तीचा विषय आणि आपली खाजने

कॉमर्स घेतलेल्या मुलाच्या पहिल्याच वर्षाच्या वेळापत्रकात ‘पर्यावरण’ कशाला? हा प्रश्न गोव्यातल्या कितीतरी घरांत विचारला गेला असेल. उत्तर न मिळताच मुले नोट्सची झेरॉक्स काढतात, पास होतात आणि विसरतात. या सक्तीमागची हकिकत मात्र कोर्टातून सुरू होते.

एम. सी. मेहता या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात एक जनहित याचिका केली होती. लोकांना पर्यावरणाचे ज्ञानच नसेल तर नुसते कायदे काय कामाचे, असा तिचा रोख होता. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल लागला. चित्रपटगृहांनी पर्यावरणाच्या स्लाइड्स फुकट दाखवाव्यात, आकाशवाणी-दूरदर्शनने कार्यक्रम करावेत आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांत हा विषय सक्तीचा करण्याच्या दृष्टीने पावले उचलावीत, असे न्यायालयाने सांगितले. प्रत्यक्षात सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम यायला २००३-०४ उजाडले. पुण्याचे डॉ. एरच भरुचा यांनी त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले. आठ घटक, पन्नास तासिका आणि शंभर गुण. त्यांतले पंचवीस गुण क्षेत्रभेटीचे, म्हणजे वर्गाबाहेर पडून आपला परिसर पाहण्याचे!

वाचकहो, खरी मेख इथेच आहे. हा विषय विज्ञानाच्या मुलांपुरता नव्हता. उद्याचा हिशेबनीस, वकील, पंच यांनाही नदी, रान, शेत यांची ओळख असावी, एवढाच त्यामागचा हेतू.

आणि गोव्याइतकी तयार प्रयोगशाळा दुसरीकडे कुठे मिळणार? आपली खाजनेच घ्या. खाडीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून पूर्वजांनी जमीन मिळवली. भरतीला मानशीची दारे मिटतात, ओहोटीला उघडतात. आत कोरगुट भात पिकते, मानशीवर मासळी मिळते, बाहेरची खारफुटी बांध सांभाळते. हे सारे गावकारीच्या शिस्तीवर चालत असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. जिथे बांध फुटले आणि कोणी बुजवले नाहीत, तिथे शेतात खारे पाणी शिरून खारफुटी उगवली. नैसर्गिक संपत्ती, परिसंस्था, सामाजिक प्रश्न, असे तीन घटक एकाच बांधावर उभे राहून शिकता येतात.

दुसरी बाजू खाणींची. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले खनिज उत्खनन थांबवले, २०१८ साली ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली. सांगे-डिचोलीतल्या ज्या घरांचा संसार ट्रकवर चालत होता, त्या घरांतली मुलेही पहिल्या वर्षाच्या वर्गात बसतात. ‘शाश्वत विकास’ हा शब्द त्यांनी पाठ करायचा, की घरच्या ट्रकचे हप्ते आणि शेजारच्या शेतात उतरलेला खाणीचा चिखल एकत्र मांडून तो समजून घ्यायचा?

नव्या शैक्षणिक धोरणाखाली २०२३ साली आयोगाने या विषयाची नवी चौकट दिली. कागद पुन्हा बदलला. पण मुलांना बांधावर नेणारा शिक्षक नसेल, तर सक्तीतून उरते ती फक्त झेरॉक्स. न्यायालय विषय सक्तीचा करा असे सांगू शकते. मानस कशी चालते ते मात्र आपल्याच गावच्या जाणत्या माणसाला विचारावे लागते. अशी माणसे अजून आहेत, तोवर मुलांना त्यांच्याकडे पाठवूया.