४६.०६ सेकंद: रिलेचा राजा जेसन लेझॅक कोण आहे?

बीजिंग ऑलिम्पिक २००८ म्हटलं की मायकेल फेल्प्सची ८ सुवर्णपदकं आठवतात. पण त्यातलं एक पदक दुसऱ्याच एका जलतरणपटूने शेवटच्या क्षणी खेचून आणलं होतं. त्याचं नाव जेसन लेझॅक.

सुरुवात कशी झाली?

लेझॅकचा जन्म १९७५ चा, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातला. शाळेत असताना तो वॉटर पोलोही खेळायचा. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये तो ४×१०० मीटर फ्रीस्टाइल रिलेच्या संघात होता. ही शर्यत अमेरिका १९६४ पासून ऑलिम्पिकमध्ये कधीच हरली नव्हती. सिडनीत ऑस्ट्रेलियाने ती मालिका तोडली. २००४ मध्ये अथेन्सला तर अमेरिका थेट तिसऱ्या क्रमांकावर गेली. १०० मीटरच्या वैयक्तिक शर्यतीतही लेझॅक प्राथमिक फेरीतच बाद झाला.

बीजिंगमध्ये नेमकं काय झालं?

तेव्हा लेझॅक ३२ वर्षांचा होता आणि प्रशिक्षकाशिवाय सराव करत होता. ११ ऑगस्टच्या अंतिम शर्यतीत शेवटचे १०० मीटर त्याच्याकडे होते. शेजारच्या लेनमध्ये होता फ्रान्सचा ॲलन बर्नार्ड. 'अमेरिकेला धूळ चारू' असं तो आधीच बोलून बसला होता.

लेझॅकने पाण्यात उडी मारली तेव्हा फ्रान्स ०.५९ सेकंदांनी पुढे होता. शेवटच्या लांबीत लेझॅक बर्नार्डच्या बाजूच्या लेनदोरीला चिकटून पोहला. पुढच्या माणसाच्या लाटेचा आधार मिळाला की ताकद कमी लागते. शेवटच्या काही मीटरमध्ये त्याने अंतर तोडलं आणि भिंतीला आधी हात लावला. अमेरिका ३:०८.२४, फ्रान्स ३:०८.३२. फरक फक्त ०.०८ सेकंदाचा!

मग हा विश्वविक्रम का नाही?

लेझॅकचे १०० मीटर ४६.०६ सेकंदांत झाले. संघाच्या वेळेचा विश्वविक्रम झाला, पण लेझॅकच्या नावावर नाही. कारण रिलेत दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जलतरणपटूला बंदुकीची वाट पाहावी लागत नाही. आधीचा साथीदार भिंतीजवळ येताना पाहून तो झेप घ्यायच्या तयारीत असतो. त्यामुळे अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ वाचतो. म्हणून वैयक्तिक विक्रमासाठी फक्त पहिल्या जलतरणपटूची वेळ धरतात. यात धोकाही आहे: साथीदाराचा हात लागण्याआधीच झेप घेतली तर अख्खा संघ बाद होतो.

पुढे काय झालं?

तीनच दिवसांनी १०० मीटरचं वैयक्तिक सुवर्ण बर्नार्डनेच जिंकलं. लेझॅकला ब्राझीलच्या सीझर सिएलोसोबत कांस्य विभागून मिळालं. चार ऑलिम्पिकमध्ये मिळून त्याची ८ पदकं झाली: ४ सुवर्ण, २ रौप्य, २ कांस्य. यातलं वैयक्तिक पदक हे एकच, बाकी सातही रिलेतली.

४६.०६ ही रिलेतली सर्वात वेगवान वेळ १६ वर्षं टिकली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये चीनच्या पान झान्लेने मेडले रिलेत ४५.९२ सेकंद नोंदवून ती मागे टाकली. गंमत म्हणजे, त्या शर्यतीतही शेवटचे १०० मीटर पोहून पानने सुवर्ण हिसकावलं. यावेळी हरलेला संघ होता अमेरिकेचा.