नावातून निघालेली सुरावट
युरोपीय प्रबोधनकाळातील बहुकंठी ‘मास’ या प्रार्थनारचनेत एका कंठाला ठरावीक सुरावट देऊन बाकीचे कंठ तिच्याभोवती गुंफले जात. ती बहुधा जुन्या धर्मगीतातून घेतली जाई. जोस्कँ दे प्रे याने मात्र फेराराचा ड्यूक पहिला एर्कोले याच्या लॅटिन नावातूनच ती काढली. ‘हेर्कुलेस दुक्स फेरारिए’ यातील स्वरवर्ण ए-उ-ए-उ-ए-आ-इ-ए. त्यांना जुळणारी सूरनामे रे-उत्-रे-उत्-रे-फा-मी-रे. हे आठ सूर मुख्यतः टेनर गातो. प्रार्थना ईश्वराची, आधार आश्रयदात्याच्या नावाचा! १५०२ मध्ये ड्यूकच्या हस्तकाने कळविले होते, की जोस्कँ मनात येईल तेव्हाच रचना करतो आणि २०० डुकाट मागतो. हाइन्रिक इझाक हा संगीतकार १२० मध्ये येईल. ड्यूकने जोस्कँलाच नेमले. ही रचना १५०५ मध्ये व्हेनिसला छापली गेली. ड्यूकचे निधनही त्याच वर्षीचे.