लुसेशियातील कोळसा आणि सोर्ब भाषेची गावे

जर्मनीच्या पूर्व सीमेवर, श्प्रे आणि नाइसे या नद्यांच्या परिसरात, लुसेशिया नावाचा प्रदेश आहे. तेथे सोर्ब हा छोटा स्लाव समाज हजार वर्षांहून अधिक काळ जर्मनांच्या शेजारात नांदत आला आहे. दक्षिणेस बाउत्झेन नगराभोवती वरची सोर्ब आणि उत्तरेस कोट्बुसभोवती खालची सोर्ब, अशा त्यांच्या दोन लिखित भाषा आहेत. 1847 साली या मंडळींनी बाउत्झेन येथे ‘माचित्सा सेर्ब्स्का’ ही विद्वत्संस्था स्थापन केली. पुढे 1912 साली त्यांच्या संस्थांचा ‘दोमोविना’ हा संघ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात आर्नोश्त मुका या भाषापंडिताने गावोगाव हिंडून सोर्बांची गणना केली, ती सुमारे 1,66,000 भरली. आज हा समाज साठ हजारांच्या घरात असल्याचे सांगतात आणि त्यांतही प्रत्यक्ष भाषा बोलणारे बरेच कमी आहेत.

या ऱ्हासाचे सारे खापर कोळशावर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. प्रशियाच्या शाळांनी भाषेला वर्गाबाहेर ठेवले. नाझी राजवटीने 1937 साली दोमोविनावर बंदी घालून सोर्ब छपाई बंद पाडली. तथापि बंदी उठली की भाषा पुन्हा डोके वर काढते, हा अनुभव जगात अनेक ठिकाणी आला आहे. कोळशाने जे केले ते निराळ्या जातीचे होते.

लुसेशियाच्या भूमीखाली लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा, आडवा पसरलेला आहे. तो काढावयाचा तर वरची माती, वाळू आणि त्यांवर वसलेले सर्व काही दूर करावे लागते. त्यासाठी पाचशे मीटर लांबीचे पोलादी वाहक-पूल उभारले गेले. ते पुढून साठ मीटर जाडीचा थर उचलून मागे, कोळसा काढून झालेल्या खड्ड्यात, टाकीत जातात. खाण कोरडी राहावी म्हणून आसपासचे भूजल अहोरात्र उपसावे लागते. अशी खाण एका जागी थांबत नाही. शेत नांगरावे तशी ती प्रदेशातून सरकत जाते आणि वाटेत येणारे गाव उठवावे लागते. 1924 पासून लुसेशियात अशी सव्वाशेहून अधिक गावे पूर्णतः वा अंशतः नाहीशी झाली.

यांतील बहुसंख्य गावे पूर्व जर्मनीच्या साम्यवादी राजवटीत गेली, आणि येथेच या इतिहासाचा विलक्षण विरोध दिसतो. याच राजवटीच्या उदयकाळात, 1948 साली, सॅक्सनीने सोर्बांच्या हक्कांचा कायदा केला. द्वैभाषिक पाट्या लागल्या, सोर्ब शाळा निघाल्या, 1951 साली बाउत्झेनमध्ये संशोधनसंस्था स्थापन झाली. भाषेला इतका राजाश्रय पूर्वी कधी मिळाला नव्हता. त्याच वेळी तेच शासन त्या भाषेची खेडी खणून काढीत होते, कारण तेलावाचून चालवावयाच्या राष्ट्राला तपकिरी कोळसा हेच इंधन होते. होयर्सवेर्डा हे 1950 च्या सुमारास सात हजार वस्तीचे गाव. तीस वर्षांत तेथे सत्तर हजार माणसे झाली. त्यांत बहुतेक बाहेरून आलेले कामगार होते. विस्थापित शेतकऱ्याला अशा नगरात चौथ्या मजल्यावर घर मिळे. पाणी नळाला येई, ऊब भिंतीतून येई, पण जिन्यात भेटणारा शेजारी जर्मन बोले. भाषेवर कोणी बंदी घातली नाही. ती बोलावयास माणूस उरला नाही इतकेच. शेताला, ओढ्याला, माळाला पिढ्यान्‌पिढ्या चिकटलेली सोर्ब नावे तर त्या जागांबरोबरच गेली. महाराष्ट्राबाहेर मराठी सांभाळणाऱ्या आपल्या वाचकांना हे फार फोडून सांगावयास नको.

उघड विरोध त्या राजवटीत शक्य नव्हता. साहित्यिकांनी मात्र आडून बोलावयास आरंभ केला होता. श्लाइफे या खाणपट्ट्यातील गावचा कवी किटो लोरेन्त्स याने आपल्या मुलखातील ‘स्त्रुगा’ या नासलेल्या ओढ्याला काव्यविषय केले. 1987 च्या लेखक-संमेलनात युरी कोख याने खाणींनी चाललेल्या भूमीच्या नाशाविषयी जाहीरपणे बोलण्याचे धैर्य दाखविले.

खरा लढा झाला तो होर्नो गावी. सोर्ब भाषेत त्याचे नाव रोगोव. वस्ती अवघी साडेतीनशेच्या आसपास, त्यांतील सुमारे तिसरा हिस्सा सोर्ब. गाव येन्श्वाल्डे खाणीच्या वाटेत असल्याचे 1977 साली कळले होते. 1989 नंतर राज्यव्यवस्था पालटली आणि ग्रामस्थांना आशा वाटू लागली. ब्रँडेनबुर्ग राज्याच्या 1992 च्या घटनेतील पंचविसाव्या कलमाने सोर्ब लोकांच्या परंपरागत वसतिक्षेत्राच्या संरक्षणाची हमी दिली होती; मग गाव उठवावयाचे कसे? शासनाने 1997 साली खास कायदा करून उठविले. पुढच्या वर्षी राज्याच्या घटना-न्यायालयाने निर्णय दिला, की ही हमी म्हणजे राज्याने दृष्टीपुढे ठेवावयाचे ध्येय होय, अभेद्य तट नव्हे. ऊर्जा आणि रोजगार यांच्याशी तिचा तोल पाहावा लागेल. प्रकरण युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. 2000 च्या मे महिन्यात त्यानेही अर्ज दाखल करून घेण्यास नकार दिला. ग्रामस्थांच्या जीवनावर आघात होतो हे त्याने मान्य केले; परंतु नवी वस्ती वीस किलोमीटरांवर, त्याच परंपरागत क्षेत्रात होणार आहे, सबब आघात प्रमाणाबाहेर नाही, असे त्याचे मत पडले.

विरोधकांची बाजू मांडताना दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. एकीकरणानंतर लुसेशियातील कारखाने भराभर बंद पडले होते. खाण आणि वीजकेंद्र हाच हजारो कुटुंबांचा आधार होता, आणि त्या कुटुंबांत सोर्बही होते. होर्नोतील पुष्कळांच्या घरी रोजचा व्यवहार जर्मनमध्ये चाले, हेही खरे. तरीसुद्धा न्यायालयांचा युक्तिवाद आम्हांस अपुरा वाटतो. क्षेत्र म्हणजे नकाशावरील रंग नव्हे. गाव उचलून त्याच रंगात दुसरीकडे ठेवले म्हणून ते क्षेत्र राखले गेले असे होत नाही.

2004 च्या नोव्हेंबरात होर्नोचे चर्च सुरुंगाने पाडले गेले. शेवटचे रहिवासी 2005 साली बाहेर पडले. नवे होर्नो फोर्स्ट नगराच्या कडेला वसले असून तेथे नाहीशा झालेल्या गावांचे संग्रहालय आहे.

येन्श्वाल्डे खाणीतील उत्खनन 2023 च्या अखेरीस संपले. जर्मनीने 2020 साली कायदा करून कोळशाची वीज उशिरात उशिरा 2038 पर्यंत बंद करण्याचे ठरविले. त्यानंतर, 2021 साली, कंपनीने वेल्त्सो खाणीचा दुसरा टप्पा सोडून दिला, आणि त्याच्या वाटेत असलेले प्रोशिम, सोर्ब नाव प्रोझिम, हे गाव जागेवर राहिले.